कांद्याच्या गाडीची ऑनलाइन नोंदणी आणि तिच्यामागची वेब अभियांत्रिकी

नाशिक जिल्ह्यातील एका बाजार समितीने असा निर्णय घेतला असे धरू, की उन्हाळ कांद्याच्या हंगामात शेतकऱ्यांनी आपल्या ट्रॅक्टरची किंवा पिकअपची नोंदणी आदल्या दिवशी मोबाइलवरूनच करावी. सकाळच्या सत्रात ५०० वाहनांचा लिलाव नीट पार पडतो, म्हणून तेवढ्या नोंदी झाल्या की त्या दिवसाची नोंदणी बंद व्हावी. पुढे पुकारा झाला की भाव, काट्यावरून वजन आणि हमाली-तोलाई वजा जाता हिशेबपट्टी, हे सगळे त्याच नोंदीखाली शेतकऱ्याला दिसावे. पडद्यावर पाहिले तर हे काम चार रकान्यांचे आणि एका बटणाचे आहे, आणि संगणकशास्त्राचा एखादा होतकरू विद्यार्थी त्याचा चालता नमुना आठवडाभरात दाखवू शकेल. तरीही तो नमुना आणि ज्याच्या भरवशावर शेतकरी पहाटे घरातून ट्रॉली बाहेर काढेल अशी प्रणाली, यांत मोठे अंतर असते. ते अंतर भरून काढण्याच्या शास्त्राला वेब अभियांत्रिकी म्हणतात. सारे सुरळीत चालले असता काय घडावे हे सांगणे सोपे असते. काही बिनसले तर काय घडावे हे आधीच ठरवून ठेवणे हा या शास्त्राचा खरा विषय आहे.

वेबचा जन्म मुळात अशा कामासाठी झालेला नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये वेबचा प्रस्ताव मांडला तो शास्त्रज्ञांना एकमेकांची टिपणे आणि कागदपत्रे सहज वाचता यावीत म्हणून. पहिले संकेतस्थळ १९९१ मध्ये सर्नबाहेरच्या लोकांसाठी खुले झाले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य वापरू दिले. कागद मागायचा, तो मिळाला की संबंध संपला, अशी ही रचना होती. मागणारा कोण, त्याने याआधी काय मागितले, हे सर्व्हरने, म्हणजे पान पाठवणाऱ्या संगणकाने, लक्षात ठेवण्याची सोय तीत नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत कुकीची कल्पना आली, म्हणजे सर्व्हरने दिलेली एक छोटी खूण ब्राउझरने जपून ठेवायची आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर परत पाठवायची. त्याच कंपनीत १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा घडवली आणि पान स्वतः काम करू लागले. जीमेल २००४ मध्ये आणि गूगल मॅप्स २००५ मध्ये आले, तेव्हा पान पुन्हा न उघडता त्यातील मजकूर बदलत राहतो हे सर्वसामान्यांनी पाहिले. वाचायच्या पानाचे वापरायच्या साधनात झालेले हे रूपांतर म्हणजेच वेब अ‍ॅप्लिकेशन, आणि त्याच्या पुष्कळशा अडचणी या उसनवारीच्या पायामुळे आलेल्या आहेत.

आता येवला तालुक्यातील एका शेतकऱ्याने ‘नोंदणी करा’ हे बटण दाबले, तर पुढे काय घडते ते पाहू. पान उघडतानाच त्याच्या फोनने संकेतस्थळाच्या नावावरून सर्व्हरचा आकडी पत्ता शोधलेला असतो. या शोधयंत्रणेला डीएनएस म्हणतात. त्यानंतर फोन आणि सर्व्हर यांच्यात जोडणी होते, मग त्या जोडणीवरून जाणारा मजकूर वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून सांकेतिक किल्ल्यांची देवाणघेवाण होते आणि त्यानंतरच प्रत्यक्ष मागणी निघते. जोडणीची एक, किल्ल्यांची एक आणि मागणी व उत्तराची एक, अशा किमान तीन फेऱ्या होतात. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत असेल तर नाशिकहून जाण्यायेण्याला निव्वळ अंतरापोटी दोन-तीन मिलिसेकंद पुरतात. तोच अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर एका फेरीला सव्वाशेहून अधिक मिलिसेकंद लागतात, तेही वाटेतील राउटर आणि मोबाइल टॉवर यांचा वेळ न धरता. अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरांचे आपले केंद्र सुरू केले, त्याचा भारतातील लहान प्रकल्पांना झालेला फायदा या साध्या भौतिकशास्त्रात आहे. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांना एचटीटीपी म्हणतात; २०२२ मध्ये प्रमाणित झालेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिल्या दोन फेऱ्यांची एकच फेरी केली आहे, यावरून एकेका फेरीचे मोल ध्यानात यावे.

ब्राउझरमध्ये जे दिसते ते तीन भाषांचे काम असते. एचटीएमएल मजकुराचा अर्थ सांगते, म्हणजे हे शीर्षक, हा रकाना, हे बटण. सीएसएस त्याचे रूप ठरवते. आणि जावास्क्रिप्ट त्याला वर्तन देते. जावास्क्रिप्टच्या भोवती तयार प्रोग्रामच्या मोठमोठ्या चौकटी (फ्रेमवर्क) उभ्या राहिल्या आहेत, त्यांपैकी फेसबुकने २०१३ मध्ये खुली केलेली रिअ‍ॅक्ट विशेष परिचयाची आहे. नवे अभियंते सहसा तेथूनच सुरुवात करतात, पण आपल्या उदाहरणासाठी ती गरज आहे असे मला वाटत नाही. स्वस्त फोनला जावास्क्रिप्ट नुसती उतरवून घ्यावी लागत नाही, ती वाचून चालवावीही लागते, आणि रेंज अर्धवट असलेल्या मळ्यात त्याची झळ थेट शेतकऱ्याला बसते. सर्व्हरने तयार करून पाठवलेला साधा एचटीएमएल फॉर्म जावास्क्रिप्ट येऊन पोहोचली नाही तरी चालतो. सर्व्हरच्या बाजूला पीएचपी, जावा, पायथन किंवा नोड (म्हणजे सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट) यांपैकी काहीही चालेल; जी भाषा हाताखालच्या माणसांना नीट येते आणि जिची डागडुजी करणारे दुसरे कोणी नाशिकमध्ये सापडेल, ती घ्यावी.

खरा कस लागतो तो माहिती साठवताना. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे माहिती तक्त्यांत ठेवतात: शेतकऱ्यांचा एक तक्ता, वाहनांचा एक, नोंदींचा एक, आणि प्रत्येक नोंद शेतकऱ्याच्या व वाहनाच्या क्रमांकाने त्या त्या तक्त्याशी बांधलेली. आता समजा, उद्याच्या सत्रासाठी ४९९ नोंदी झाल्या आहेत. येवल्याचा शेतकरी आणि निफाडचा शेतकरी यांनी एकाच क्षणी बटण दाबले. प्रोग्राम आधी विचारतो, नोंदी किती झाल्या? येवल्याच्या मागणीला उत्तर मिळते ४९९. ती आपली नोंद लिहिण्याआधीच निफाडच्या मागणीनेही तोच प्रश्न विचारला, तर तिलाही ४९९ हेच उत्तर मिळते. दोघांनाही जागा शिल्लक दिसते, दोघांच्याही नोंदी होतात, आणि समितीच्या आवारात ५०१ वाहने येतात. प्रोग्रामच्या ओळीत एकही चूक नाही, एकट्याने तपासताना हा दोष एकदाही दिसत नाही, आणि गर्दीच्या दिवशी मात्र तो हमखास उगवतो.

यावर उपाय असा, की तपासणी आणि नोंद या दोन वेगळ्या क्रिया ठेवायच्याच नाहीत. ‘उरलेल्या जागा शून्यापेक्षा जास्त असतील तरच त्यांतून एक कमी कर’ असा एकच आदेश डेटाबेसला, म्हणजे हे तक्ते सांभाळणाऱ्या प्रणालीला, द्यायचा, म्हणजे तो पुरा होईपर्यंत ती ओळ दुसऱ्याला बदलता येत नाही. जागा कमी करणे आणि नोंद लिहिणे या दोन गोष्टी एका व्यवहारात बांधायच्या, म्हणजे एकतर दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही; मध्येच वीज गेली तरी जागा कमी झाली आणि नोंद झालीच नाही, असे घडता कामा नये. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल यांसारखे डेटाबेस ही हमी देतात, परंतु ती मागून घ्यावी लागते.

याच्याही पुढची एक अडचण आहे, आणि ग्रामीण भागात ती रोजची आहे. नोंद झाली, सर्व्हरने ‘झाली’ असे उत्तर पाठवले, आणि तेवढ्यात फोनची रेंज गेली. शेतकऱ्याच्या पडद्यावर फिरते चक्र तसेच राहिले. नोंद झाली की नाही हे त्याला कळायला मार्ग नाही, म्हणून तो पुन्हा बटण दाबतो, आणि त्याच्या नावावर दोन जागा अडतात. हे टाळण्यासाठी फॉर्म उघडतानाच त्याला एक अनन्य क्रमांक द्यावा, तो मागणीबरोबर पाठवावा आणि डेटाबेसमध्ये तो क्रमांक एकदाच येऊ शकेल असे बंधन घालावे. मग शेतकऱ्याने कितीही वेळा बटण दाबले तरी सर्व्हर पहिलीच नोंद पुन्हा दाखवतो. हे बंधन म्हणजे एका ओळीचे काम आहे. ते सुचण्यासाठी मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्याने बांधावर उभ्या असलेल्या माणसाचा हातातला फोन डोळ्यांसमोर आणावा लागतो.

पैशांच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. २१.३५ क्विंटल कांदा १,८४७ रुपये भावाने विकला गेला तर रक्कम ३९,४३३ रुपये ४५ पैसे होते. संगणकातील दशांशाचे सर्वसाधारण गणित द्विमान पद्धतीने चालते आणि त्यात ०.१ सारखी साधी संख्याही तंतोतंत मांडता येत नाही, त्यामुळे हजारो पट्ट्यांच्या बेरजेत पैसे इकडेतिकडे होऊ लागतात. म्हणून रक्कम पूर्ण पैशांत आणि वजन पूर्ण किलोंत, म्हणजे पूर्णांकात साठवावे, किंवा डेटाबेसचा अचूक दशांश प्रकार वापरावा. पट्टीत दुरुस्ती करायची वेळ आली तर जुना आकडा पुसू नये. दुरुस्तीची नवी ओळ तारीख, वेळ आणि करणाऱ्याचे नाव यांसह लिहावी, कारण व्यापारी आणि शेतकरी समोरासमोर बसतात तेव्हा आधी काय होते हे दाखवता आले पाहिजे.

सुरक्षिततेची सुरुवात एका नियमापासून होते: ब्राउझरकडून आलेल्या कशावरही सर्व्हरने डोळे झाकून भरवसा ठेवू नये. शोधाच्या रकान्यात कोणी नावाऐवजी अवतरणचिन्ह आणि त्यापुढे डेटाबेसला दिलेला आदेश टाकला, आणि प्रोग्रामने तो मजकूर जसाच्या तसा आपल्या आदेशात जोडला, तर डेटाबेस त्या अनोळखी माणसाचे ऐकू लागतो. आदेश आणि माहिती वेगवेगळ्या पाठवल्या की हा हल्ला निष्फळ ठरतो. ही सोय आज प्रत्येक भाषेत आहे आणि ती न वापरण्याला सबब नाही. दुसरा धोका अधिक साधा आणि अधिक पसरलेला आहे. हिशेबपट्टीच्या पत्त्याच्या शेवटी ४५१२ हा क्रमांक आहे. कोणी तेथे ४५१३ लिहिले आणि दुसऱ्या शेतकऱ्याची पट्टी उघडली, तर लॉगिन, ओटीपी, कुलपाचे चिन्ह हे सगळे असूनही खाजगीपणा गेला. ही पट्टी मागणाऱ्याचीच आहे का, हा प्रश्न सर्व्हरने प्रत्येक वेळी विचारायला हवा. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत हाच दोष पहिल्या क्रमांकावर आहे. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला आहे, आणि शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक, गाव व उत्पन्न ही त्याची वैयक्तिक माहितीच आहे.

मराठी मजकुराचा विचार शेवटी करायचा, अशी सवय आपल्याकडे आहे आणि ती महागात पडते. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिपींसाठीच्या संगणकीय चिन्हसंचात, एकाच चिन्हाने लिहिता येतो, साधा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येतो, आणि काही कळफलक तो ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही उमटवतात. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते तीन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे तालुक्याच्या कार्यालयात नोंदवलेले कुऱ्हाडे घरच्या फोनवरून शोधले की सापडत नाहीत. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एकरूप होतात, तिसऱ्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो, आणि हे सारे मजकूर साठवण्यापूर्वी करावे लागते. मोबाइल क्रमांक कोणी देवनागरी अंकांत लिहिला तर तो नाकारू नये, बदलून घ्यावा. एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरे १६० मावतात, देवनागरी मात्र ७०च. म्हणून नोंदणीच्या संदेशात आधी तारीख आणि टोकन क्रमांक यावा, स्वागताची वाक्ये असलीच तर नंतर.

हे सगळे कोणत्या क्रमाने करायचे, हा प्रक्रियेचा भाग. आधी सर्व गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग प्रोग्राम, मग चाचणी, ही पद्धत कागदावर नीटस दिसते. विन्स्टन रॉइस यांनी १९७० मध्ये मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांचे टप्पे आकृतीत मांडले, तेव्हाच असा सरळसोट क्रम जोखमीचा आहे असे त्यांनी बजावले होते. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात जमलेल्या १७ तज्ज्ञांनी अजाइल जाहीरनामा लिहिला आणि लहान लहान टप्प्यांत, वापरणाऱ्याला दाखवत, बदल स्वीकारत पुढे जाण्याची पद्धत रूढ झाली. वेबवरची कामे तर सतत बदलतात, म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील सॅन मुरुगेसन, योगेश देशपांडे आदी संशोधकांनी वेब अभियांत्रिकीला स्वतंत्र शाखा मानण्याचा आग्रह धरला.

अजाइल म्हणजे विचार न करता सुरुवात करणे नव्हे. बाजाराच्या आवारात एक सकाळ उभे राहिले तर जे कळते ते बैठकीत कधीच कळत नाही. एका ट्रॉलीत दोघा भावाभावांचा कांदा असतो आणि पट्ट्या दोन लागतात. म्हणजे एक वाहन, एक शेतकरी हा तक्ता पहिल्याच दिवशी कोसळतो. आदल्या दिवशी नोंदवलेला ट्रॅक्टर बंद पडतो आणि माल शेजाऱ्याच्या पिकअपमधून येतो. मोबाइल क्रमांक पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा असतो, त्यामुळे ओटीपी मळ्यात न येता पुण्यात जातो. काट्यावर आधी भरलेल्या गाडीचे वजन होते, माल खाली केल्यावर रिकाम्या गाडीचे होते, आणि या दोहोंच्या मध्ये प्रतवारीवरून वांधा पडू शकतो व पुकारलेला भाव बदलू शकतो. नोंदीच्या अवस्थांमध्ये ‘वांधा’ ही अवस्था नसेल तर कारकून पुन्हा वहीकडे वळतो, आणि एकदा वही उघडली की प्रणालीतील आकडे विश्वासाचे राहत नाहीत. म्हणून पहिली आवृत्ती एखाद्या लहान उपबाजारात, वहीच्या जोडीने चालवावी आणि रोज संध्याकाळी दोहोंची तोंडमिळवणी करावी.

प्रोग्रामचा प्रत्येक बदल गिटमध्ये नोंदवावा. लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीच्या कामासाठी तयार केलेले हे साधन कोणी, कधी, काय बदलले याचा माग ठेवते. दुसऱ्या अभियंत्याने बदल वाचल्याशिवाय तो पुढे जाऊ नये. चाचण्या प्रोग्रामनेच चालवाव्यात, आणि त्यांत एकाच वेळी ५० मागण्या शेवटच्या एका जागेसाठी सोडून एकच यशस्वी होते का, हे पाहणारी चाचणी अवश्य असावी. नवी आवृत्ती प्रथम मुख्य सर्व्हरसारख्याच, पण वेगळ्या यंत्रावर चढवावी. ती मुख्य सर्व्हरवर न्यायची वेळ लिलावाची नसावी, आणि काही मिनिटांत जुन्या आवृत्तीकडे परतता यावे. प्रोग्राम मागे नेणे सोपे असते, तक्त्यांची रचना मागे नेणे अवघड. म्हणून नवा रकाना आधी जोडायचा, काही दिवस जुना-नवा दोन्ही भरायचे आणि जुना नंतर काढायचा, असा सबुरीचा मार्ग धरावा.

गर्दीचे गणित सरासरीवर मांडू नये. सलग सुट्ट्यांनंतर लिलाव सुरू होणार असला की नोंदणी उघडण्याच्या मिनिटाला सारा तालुका एकदम येतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये जी अ‍ॅप्लिकेशने लागतील त्यांना पर्वस्नानाच्या दिवशी याच प्रश्नाचे कितीतरी मोठे रूप दिसेल. सर्वांना सारखीच दिसणारी पाने, उदाहरणार्थ कालचे भाव, एकदा तयार करून तीच वाटावीत, म्हणजे डेटाबेसवरचा ताण उतरतो. अर्ज घेणारे सर्व्हर दोनाचे चार करता येतात, मात्र त्या सर्वांच्या मागचा डेटाबेस एकच असतो आणि कोंडी तेथेच होते. एसएमएस पाठवण्यासारखी जी कामे क्षणभर थांबू शकतात ती रांगेत टाकून नंतर करावीत.

सुरू झालेल्या प्रणालीची देखभाल हा खर्चाचा वेगळा रकाना आहे, आणि निविदांमध्ये तो बहुधा रिकामा दिसतो. आपण लिहिलेल्या प्रोग्रामखाली दुसऱ्यांनी लिहिलेले शेकडो घटक असतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या एका घटकात गंभीर दोष सापडला, तेव्हा आपल्याकडे तो घटक आहे की नाही हे शोधण्यातच जगभरच्या संस्थांचे दिवस गेले. त्यामुळे घटकांची अद्ययावत यादी हाताशी असावी. बॅकअप रोज घ्यावा, आणि ठरावीक काळाने तो कोऱ्या यंत्रावर उतरवून कालच्या पट्ट्या खरोखर उघडतात का ते पाहावे. सांकेतिक जोडणीसाठी संकेतस्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र लागते; ते लेट्स एन्क्रिप्ट या विनामूल्य प्रमाणपत्रे देणाऱ्या सेवेचे असेल तर त्याची नेहमीची मुदत ९० दिवसांची असते, म्हणून त्याचे नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था हवी. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी, सर्व्हरचे खाते आणि गिटमधील प्रोग्राम हे तिन्ही प्रोग्राम लिहून देणाऱ्या एका माणसाच्या नावावर न ठेवता बाजार समितीच्या नावावर ठेवावेत आणि हे कामाच्या करारातच लिहून घ्यावे.